मिनिटाला नऊ मिली

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

निवृत्तीनंतर वही लिहिणं सोडलं होतं, आज पुन्हा घेतली. एकतीस वर्षं औषधाच्या कंपनीत मीटरं सांभाळली, रोजचं रोज लिहून ठेवायची सवय हाडात भिनलेली आहे. उद्या कोणी विचारलं की हे कोणी केलं, तर तारखेसकट दाखवता येतं.

हरेश म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा. गोदामांचं भाडं खाऊन पोट सुटलं, तेव्हा हौस म्हणून निजामपुऱ्याच्या मागे कारखाना काढला. पॉलिएस्टरचं सूत फुगवायचं, त्याला तेलाचा हात द्यायचा, कोनवर गुंडाळायचं. दिवाळीआधी गिऱ्हाइकाने गाडीभर कोन परत पाठवले, कारण कापड रंगवल्यावर त्यात पट्टे उमटले. तेल जास्त झालं की रंग बसत नाही, कमी झालं की सुताची तार तुटते. लागतं किती, तर मिनिटाला नऊ मिली. चहाचे दोन चमचे भरत नाहीत. आणि तेवढं या लोकांना सांभाळता येत नाही!

हरेश म्हणाला, "काका, तुमीच बघा आता. चांगलं मीटर निवडा. गिऱ्हाईक बोललाय, अजून एकदा पट्टा दिसला तर माल बंद. मंग मी बी लाइनवरच्या मानसाला ठेवनार न्हाय."

लाइनवरचं माणूस म्हणजे धम्मदिनाबाई. आमच्याच टेमघरच्या, चौतीस-पस्तीसच्या, आठ वर्षं तेल हेच बघतात. दुपारी तीन ते रात्री अकराची पाळी. सकाळच्या पाळीत रामू नावाचा जौनपूरचा माणूस आहे. तो कशालाच हात लावत नाही, हा त्याचा मोठा गुण.

जागा भयंकर. मागच्या भिंतीला लागून दुसऱ्याचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे, त्याने दसऱ्याच्या सुमाराला जुने लूम काढून नवे वेगवान टाकलेत. टेबलावरचा चहा थरथरतो. तेलाची टाकी त्याच भिंतीवर, तिथून बारीक नळी, नळीवर नीडल वॉल्व्ह म्हणजे नॉब फिरवून उघडायची बारीक तोटी, खाली ट्रे. वॉल्व्हच्या नॉबवर सुताचे मळकट वेढे, ते ताणून शेजारच्या खिळ्याला बांधलेले. आठ वर्षांची घाण. मी ब्लेड मागवलं आणि सगळं कापून काढलं.

बाई म्हणाल्या, "साहेब, तो धागा..."

मी म्हटलं, "बाई, हा कारखाना आहे, वटपौर्णिमेचा वड नाही."

"वड आम्ही पूजतच नाही साहेब," त्या म्हणाल्या.

उत्तरं द्यायला बऱ्या येतात. मी वॉल्व्हवर पत्र्याची पेटी बसवून घेतली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. लाल अक्षरांत पाटी लावली: 'वॉल्व्हला हात लावू नये. हुकमावरून, के. तरे.' सकाळी सातला मी स्वतः नऊ मिलीवर लावून देणार. पहिल्याच दिवशी अर्धं काम झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज बाईंची मोजायची पद्धत बघितली. नळीखाली मापाचा ग्लास धरायचा, मोबाइलवर एक मिनिट लावायचं, ग्लास डोळ्यांसमोर धरून आकडा वहीत लिहायचा. दर तासाला. आमच्या कंपनीत असं कोणी करताना दिसलं असतं तर त्याला कँटीनमध्ये पाठवलं असतं ताक मोजायला.

वही चाळली. अक्षर मोत्यासारखं, आत सगळा आनंद. नऊ, साडेनऊ, दहा, अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मध्येच एखादा दिवस दर तासाला नऊ, नऊ, नऊ, नऊ. कॅलेंडर काढून पाहिलं तर हे नऊ-नऊवाले दिवस जवळजवळ सगळे शुक्रवार. म्हणजे शुक्रवारी बाई न मोजताच लिहितात, आठवडाभराचा शीण काढतात. दिवाळीनंतरच्या दोन आठवड्यांत तर रोजच नऊ. परत आलेल्या मालाची भीती बसली आणि आकडे सुधारले! चोर पकडायला मीटर लागत नाही, वही पुरते.

शेवटच्या रकान्यात 'चालू' आणि 'बंद' असं लिहिलंय. शुक्रवारी 'बंद'. आमचं मशीन तर शुक्रवारीही चालतं. मशीन चालू असताना बंद लिहायचं म्हणजे डोळे मिटून लिहिणं झालं. मी विचारायच्या फंदात पडलो नाही. विचारलं की गोष्टी सांगतात.

बाईंनी किल्ली मागितली. "एकदाच उघडा साहेब, मला दाखवायचंय." मी पाटीकडे बोट दाखवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मीटरवाल्यांना मी शुक्रवारीच बोलावणार आहे. त्या दिवशी मागचे लूम बंद असतात, माणसाला माणसाचं ऐकू येतं.

पहिला आला टाय घालून. आत पंख्यासारखी नाजूक चकती, तेल वाहिलं की ती फिरते, फिरलेली मोजायची. माहितीपत्रकावर लिहिलेलं, 'शून्यापासून पुढे'. मी जन्मभर सांगत आलोय, जे मीटर शून्यापासून मोजतं म्हणतं ते शून्यच मोजतं. लावलं. नऊ मिलीला चकती हलेना. एवढ्याशा तेलात तिला ढकलायचा जोर कुठला? पाणचक्की फिरवायला कोणी गळता नळ लावतो का?

टायवाला म्हणाला, "सर, फ्लो थोडा वाढवता येईल का?"

मी म्हटलं, "गाडी चालत नाही म्हणून आता घाट सपाट करू का?" रामू हसला. त्याला काय कळलं देव जाणे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुसरा उंटावरचा शहाणा फोनवरच आटोपला. चुंबकावर चालणारं मीटर विकत होता. मी म्हटलं, अहो, ते ज्यातून वीज जाते त्याच द्रवाला चालतं, तेलातून वीज जात नाही.  मग म्हणतो, "बघून सांगतो सर." काय बघणार, तेलाला विचारणार?

काचेच्या नळीत तरंगणारा मणी असतो तेही मागवून पाहिलं. मणी तेलात चिकटून बसला. नळीवर टिचकी मारली की आकडा बदलतो. टिचकीवर आकडा ठरवायचा तर तो मी मनानेच सांगेन.

वाईट बातमी म्हणजे दोन दिवसांचे नमुने हरेशने रंगवून घेतले, आणि त्यात पट्टे आहेत. ते सगळे संध्याकाळच्या कोनमधले. सकाळचा माल स्वच्छ. मी सकाळी नऊवर लावून जातो, पेटीला कुलूप, तरी संध्याकाळी तेल जास्त कसं? उघड आहे. तार तुटली की गाठ मारायला उठावं लागतं, ते टाळायला बाई ट्रेमध्ये वरून तेल ओतत असणार. सावज नजरेत आलंय, आता फक्त पुरावा पाहिजे. तो मीटर देईल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज रुचिका नावाची मुलगी आली, वाशीहून. मुलगी म्हणजे असेल अठ्ठावीसची. मी आधीच ठरवलं होतं, हिलाही अर्ध्या तासात वाटेला लावायची. पण मीटर बरं निघालं. मुठीएवढं. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली, प्रत्येक दाताच्या खाचेत मावेल तेवढंच तेल पुढे जातं, तेवढे दात मोजायचे. घट्ट, चिकट द्रवाला हेच चांगलं, पाण्यासारख्या पातळ द्रवाला एवढं नाही. हे तिनेच सांगितलं, मी विचारायच्या आत.

मी तिला परीक्षेला बसवलं. थेंब मोजणाऱ्या त्या महागड्या मीटरचं काय, ज्यात नळीच थरथरवतात आणि थरथरीवरून वजन काढतात? ती म्हणाली, "सर, ते उत्तम आहे, पण तुमच्या मागे लूम आहेत ना? भिंतीच्या हादऱ्याने ते गोंधळेल." हे मलाही ठाऊक होतं. हादऱ्याने काय काय बिघडतं ते मला शिकवायला नको.

सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मीटरवर नऊ. नऊच्या खाली-वर काही नाही. एक महिना चाचणीसाठी ठेवून गेली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

फजिती! सकाळी मीटरवर नऊ मिली. अकराला साडेनऊ. तीनला दहा. मी थांबून राहिलो. सात वाजता मीटरवर पावणेबारा.

रुचिकाला फोन लावला आणि तिला तिच्या मीटरची लायकी सांगितली. ती म्हणाली, "सर, मीटर बरोबर असेल. तुमचा फ्लोच वाढत असेल." वा! नाचता येईना अंगण वाकडे. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, फ्लो काय पाय फुटून वाढतो? लूमच्या हादऱ्याने चाकं जास्त फिरतात, एवढं साधं आहे. काल लूम बंद होते तर मीटर शहाण्यासारखं वागलं.

गंमत म्हणजे बाईंच्या वहीतही सातला पावणेबारा! ग्लासने म्हणे. मीटर बघून लिहिलं आणि काय. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच धरा ना ग्लास." मी काही ग्लास धरायला कामावर आलेलो नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जेवताना चंद्रा मध्येच बोलली. बायको माझी, पण तिच्या बातम्या बचतगटाच्या बैठकीतून येतात, तिथे तिला धम्मदिनाबाई भेटतात. कारखान्यातलं घरात आणायचं नाही असा माझा नियम. तिचा असा काही नियम नाही.

"आवो, ती बाय खोटं लिवनार न्हाय. बचतगटाचं पुस्तक तिच्याकडंच हाय, यक रुपया हिकडचा तिकडं न्हाय होत. तुमी तिचा धागा का तोडला?"

"कसला धागा?"

"मना काय म्हाईत. ती बोलली, तरे साहेबांनी धागा तोडला आनि तवापासून सगलं बिघडलं."

बायकांचं हे असंच. गंडा तुटला, दोरा तुटला, आता वाईट होणार. मी भाकरी संपवली आणि उठलो. धम्मदिनाबाई वर्षानुवर्षं सभांना जातात, अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं ऐकतात, आणि शेवटी दोऱ्यावर येतात. हे मी चंद्राला म्हटलं. ती म्हणाली, "तो तसला दोरा न्हाय वाटतं." वाटतं म्हणे!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रुचिका पुन्हा आली, मीटर काढून आत बघितलं, साफ करून लावलं. दिवसभर नऊ. तिने आडून विचारलं, "सर, मी शनिवारी येऊ का? किंवा सोमवारी? लूम चालू असताना बघायचंय."

मी म्हटलं, "शनिवारी इथे तुझं ऐकू येणार नाही."

"ऐकायचं कुठे आहे सर, बघायचंय," ती म्हणाली. या मुलींना शेवटचा शब्द आपलाच लागतो. मी नाही म्हटलं.

जाताना ती धम्मदिनाबाईंशी दारात बराच वेळ बोलत होती. मी जवळ गेलो तर दोघी दुसरंच बोलायला लागल्या.

शनिवार, ६ डिसेंबर

बाई आज रजेवर, दादरला चैत्यभूमीवर गेल्या. रजा महिन्याआधी मागितलेली, त्यामुळे देणं भाग होतं. रामूला डबल ड्युटी लावली.

मला वाटलं होतं आज सोक्षमोक्ष लागेल. बाई नाहीत, तर संध्याकाळी तेल नऊच राहायला पाहिजे. सात वाजता पाहिलं, मीटरवर बारा. कोनही चिकट लागत होते. क्षणभर मला बरं वाटलं नाही. मग ध्यानात आलं, सोळा तासांच्या ड्युटीत रामूला झोप येते, तार तुटू नये म्हणून त्यानेही वरून तेल ओतलं असणार. संगत, दुसरं काय. एकाने खोकलं की दुसऱ्याला ढास लागते. रामूला दरडावलं. तो म्हणाला, "साहब, माँ कसम, हाथ नहीं लगाया." हात न लावणं हा त्याचा गुण हे मीच लिहून ठेवलंय, पण त्यालाही मर्यादा असतील.

हे मी अहवालात घालणार नाही. उगाच गुंता होतो.

सोमवार, ८ डिसेंबर

गिऱ्हाइकाकडून पुन्हा कोन परत आले. हरेशच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, आज लिवून द्या, कुनाची चूक."

लिहून दिलं. एक पान, मुद्देसूद. वॉल्व्ह कुलूपबंद असून तेल वाढतं ते फक्त दुसऱ्या पाळीत. वहीतले शुक्रवारचे आकडे न मोजता लिहिलेले. शेवटचा रकाना निरर्थक. सबब संबंधित महिला कर्मचारी तेलाच्या कामास अपात्र. खाली सही, के. एस. तरे, तारीख. सही करताना पेन अडलं, झटकावं लागलं. थंडीने शाई आखडते.

बुधवार, १० डिसेंबर

बाईंना आज हिशेब दिला. त्यांनी माझं पान दोनदा वाचलं. रडतील असं वाटलं होतं, तशी मनाची तयारीही केली होती. रडल्या नाहीत. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, सहा तारखेला मी नव्हते. त्या दिवसाचं यात नाही."

मी म्हटलं, "तो मुद्दा वेगळा आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "शेवटचा रकाना तुम्ही विचारलाच नाही मला." आणि डबा उचलून गेल्या. दारात रामू उभा होता, त्याने उगाचच हात जोडले.

घरी आल्यावर चंद्राने ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

बाई गेल्या तरी तेल वाढतंच आहे. रोज नऊचे बारा. दुसऱ्या पाळीला नवा माणूस घेतलाय, तो मोबाइलमधून डोकं काढत नाही, तेल ओतायला त्याला फुरसत कुठली? हरेश आता माझ्याकडे तोंड वाकडं करून बघतो.

आज एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी मागच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. आमची लाइन वेगळी, आमचं मशीन चालू. मागचे लूम मात्र दिवसभर ठप्प. कामगार गल्लीत पत्ते खेळत होते. आणि मीटर दिवसभर नऊ. मंगळवार असून नऊ. सातला नऊ, तीनला नऊ, संध्याकाळी सातला नऊ. नव्या माणसाला मी स्वतः ग्लास धरायला लावला, ग्लासमध्येही नऊ. मग तो ग्लास मी स्वतः धरला. नऊ.

म्हणजे मीटर आणि ग्लास जुळतात. मग २२ नोव्हेंबरला ग्लासमध्ये पावणेबारा आले तेही खरेच होते. हादऱ्याने दातेरी चाकं चुकतील, पण मापाचा ग्लास कसा चुकेल? तो तर बाईंच्या हातात होता, भिंतीला लागलेलाही नव्हता.

बाईंची वही काढली. दिवाळीपर्यंत नऊ-नऊचा प्रत्येक दिवस, समोर 'बंद'. वाढता प्रत्येक दिवस, समोर 'चालू'. ऑगस्टमध्ये एक बुधवार नऊ-नऊचा, त्यापुढे 'बंद', कंसात 'मागे मयत, लूम बंद'. लूम. तो रकाना आमच्या मशीनचा नव्हताच. जुन्या लूमच्या दिवसांत आकडा अर्ध्या मिलीने सरकायचा, दसऱ्यानंतर नव्या लूमने तीन मिलीने. आणि दिवाळीनंतरचे ते दोन आठवडे, रोज नऊ, समोर 'चालू', आणि प्रत्येक ओळीत बारीक अक्षरांत 'धागा'. त्यानंतर १० नोव्हेंबर. त्या तारखेपुढे 'धागा' नाही, फक्त रेघ.



बुधवार, १७ डिसेंबर

लूम सुरू झाले. मी पेटी उघडली. नऊवर लावलं, नॉबवर आणि खालच्या पितळेवर मिळून पेनने एक सरळ रेघ मारली, आणि स्टूल घेऊन समोर बसलो. हात मांडीखाली घेतले, चुकून लागू नये म्हणून. अकरा वाजता रेघ तुटलेली दिसली. एक वाजता नॉबची रेघ एका बाजूला, पितळेची दुसऱ्या बाजूला, मध्ये बोटभर अंतर. कोणी हात लावला नव्हता. भिंत हलते, भिंतीवरची नळी हलते, नॉब मुंगीच्या पावलाने उघडत जातो. एवढंच. फ्लोला पाय फुटतात का म्हणून त्या मुलीला हसलो होतो. फुटतात.

आणि बाईंनी त्याला बांधून ठेवला होता. मी ब्लेडने कापला, वर पेटी बसवली, कुलूप लावलं, कोणी पुन्हा बांधू नये म्हणून किल्ली खिशात घेऊन हिंडलो, आणि मग बांधता येत नाही म्हणून बांधणारीला काढलं. एकतीस वर्षं! आमच्या कंपनीतल्या गोष्टी सांगत होतो. आमच्या कंपनीच्या मागे लूम नव्हते, एवढीच माझी हुशारी.

रद्दीतलं सूत घेतलं, नॉबला वेढे दिले, खिळ्याला ताणून बांधलं. संध्याकाळी सातला नऊ आणि वर थोडं. लाल पाटी काढली. तिच्या मागे भिंतीवर खिळ्याचा अजून एक डाग दिसला, बाईंनी आधी तिथे प्रयत्न करून पाहिला असणार.

गुरुवार, १८ डिसेंबर

घरी चंद्राला सगळं सांगितलं.  ऐकून ती म्हणाली, "काखेत कलसा नि गावाला वलसा. चला, मी येतंय." लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण कोणाची माफी मागायला आम्ही दोघं मिळून निघालो ते आज पहिल्यांदा.

धम्मदिनाबाईंचं घर आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. त्या शाळेच्या गणवेशांना काजं करत बसल्या होत्या, शंभरेक शर्टांचा ढीग. पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली ती ट्रान्सफॉर्मरपासून. चंद्राने कोपर मारलं, "मेन बोला."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी होती. धागा मी तोडला. तुमचे आकडे सगळे बरोबर आहेत."

त्यांनी सुई टोचून ठेवली. "धागा कसला बांधलात आता?"

"रद्दीतलंच सूत."

"फुगवलेलं की सरळ?"

मला माहीत नव्हतं.

"फुगवलेलं असेल तर ते ताणतं साहेब. रबरासारखं. त्याने अर्धी मिली सरकतंच. सरळ तार घ्यायची, आणि वेढे उलट्या बाजूने, नॉब उघडतो त्याच्या विरुद्ध."

मी मान डोलावली. मग म्हटलं, हरेशशी मी बोलतो, उद्यापासून या.

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला तोंडी काढलं नव्हतं साहेब. लिहून काढलं, अपात्र म्हणून, खाली सही करून. ते पान कारखान्यात सगळ्यांनी वाचलंय. रामूला वाचता येत नाही तर त्याला वाचून दाखवलं. आता परत घ्यायचं तर तेही लिहूनच. सहा तारखेसकट."

सहा तारखेचं ऐकून माझी मान खाली गेली. चंद्राने माझ्याकडे पाहिलं, तेवढं मी तिला सांगितलं नव्हतं. परतताना रस्ताभर तिने मला ते सांगायला लावलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

लिहिलं. चार वेळा फाडलं. पहिल्यांदा लिहिलं, 'हादऱ्यामुळे वॉल्व्ह सरकल्याचे निदर्शनास आले.' कोणाच्या निदर्शनास? दुसऱ्यांदा लिहिलं, 'गैरसमजातून'. गैरसमज कसला, मी समजूनच घेतलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या अहवालांतल्या पळवाटांना हसलो, आणि माझ्याच पेनातून त्या एकामागून एक निघत होत्या. शेवटी राहिलं ते हे:

'१० नोव्हेंबर रोजी वॉल्व्हचा धागा मी कापला. त्यामुळे लूम चालू असताना तेल वाढत गेले. हा दोष तेलाच्या लाइनवरील कर्मचाऱ्याचा नव्हता. ६ डिसेंबर रोजी त्या रजेवर असतानाही तेल वाढले होते, हे मला माहीत होते व ते मी अहवालात लिहिले नाही. धम्मदिना यांची वही पहिल्यापासून बरोबर आहे. माझा ८ डिसेंबरचा अहवाल चुकीचा आहे. के. एस. तरे.'

हरेश वाचून म्हणाला, "काका, येवढं कशाला? बोलावून घेऊ तिला, झालं. हे वाचून लोक तुमाला काय बोलतील?"

"जे मी सगळ्यांना बोलायचो तेच," मी म्हटलं आणि पान लाल पाटीच्या खिळ्याला अडकवलं. रामूला वाचून दाखवलं, हिंदीत. तो ऐकून म्हणाला, "मैं तो बोला था साहब." खरंच बोलला होता.

रुचिकाला फोन केला. म्हटलं, मीटर घेतोय. तेल बांधून राहील, पण उद्या धागा सैल पडला तर कळायला डोळा पाहिजे. तिने विचारलं, "शनिवारी कायमचं बसवायला आले तर चालेल ना सर?" मी म्हटलं, शनिवारीच ये.

शनिवार, २० डिसेंबर

लूम जोरात होते. तीन वाजता धम्मदिनाबाई आल्या, डबा ठेवला, खिळ्यावरचं पान उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, सहीपर्यंत. मग वही उघडली. रुचिका मीटर बसवत होती, तिला बघून हसल्या. मला नाही. पेटीची किल्ली मी टेबलावर ठेवली, त्यांनी ती खणात टाकली.

मी पलीकडे उभा राहून पाहत होतो. ग्लास, एक मिनिट, आकडा. मग वॉल्व्हजवळ गेल्या, बोटाने माझा धागा दाबून बघितला आणि ओठ दुमडले. खिशातून सरळ तारेची गुंडी काढली.

सातला मीटरवर नऊ, ग्लासमध्ये नऊ. त्या जेवायला गेल्यावर मी वही बघितली. आजच्या तारखेपुढे, चालू. त्याखाली शेरा: 'तरे साहेबांची गाठ सैल. सोडून पुन्हा बांधली.'

शेरा बरोबर आहे. खाली सही केली.